‘पोट्टीचं काही आहे का, मॅडम?’

आईचा प्रश्न दारातच आला. खुर्चीवर बसायच्याही आधी.

“मॅडम, पोट्टीचं काही आहे का, तेवढं काढून द्या तिच्याकडून. सोयरीक आली आहे. धराची का सोडाची, थे मले ठरवा लागते.”

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांची समुपदेशक आहे. दारावर ‘मैत्री क्लिनिक’ अशी पाटी आहे. खोली लहान आहे, एक खिडकी, आणि भिंती तक्त्यांनी भरलेल्या. पालक येतात ते बहुतेक हाच प्रश्न घेऊन. शब्द बदलतात. कोणी ‘लक्ष लागत नाही’ म्हणतं, कोणी ‘वळण बिघडलं’ म्हणतं. मागे भीती एकच असते, पोराचं कुठे ‘प्रकरण’ तर नाही ना. आणि त्या भीतीच्या पोटात दुसरी एक भीती असते: ‘या पोरांना शरीराचं, लैंगिकतेचं काही सांगितलं तर ती बिघडतील, म्हणून बोलायचंच नाही.’ त्या दुसऱ्या भीतीला उत्तर द्यायचं म्हणून ही हकीकत लिहिते आहे. मुलीची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सतरा वर्षांची. बारावीला. गावावरून मुलींसाठीच्या मानव विकास योजनेच्या निळ्या बसने तालुक्याला कॉलेजात यायची. आईची तक्रार अशी, की दोन महिन्यांपासून ती दिवसातून तीनदा अंघोळ करते, मोबाइल घेऊन न्हाणीघरात जाते, अर्धा-अर्धा तास बाहेर येत नाही. कापूस वेचायला चल म्हटलं तर पोट दुखते म्हणते. जेवण कमी झालं. “आता सांगा, हे कायचं लक्षण हाये?”

मलाही वाटलं, कायचं लक्षण आहे ते कळलं. हे मी आज लिहिताना सोपं वाटतं, पण त्या दिवशी मला एकदाही शंका आली नाही.

आईला बाहेर बसवून मी आणि मुलगी वीस मिनिटं बोललो असं म्हणणं चूक होईल. मी वीस मिनिटं बोलले. लहान वयात लग्न, लहान वयात गर्भधारणा, एचआयव्ही, मोबाइलवरची फसवणूक, फोटो पाठवण्याचे धोके, सगळं. प्रशिक्षणात आम्हाला ज्या क्रमाने शिकवलं होतं, त्याच क्रमाने. फ्लिपचार्टची पानं उलटत गेले. ती मान खाली घालून ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती. “हो मॅडम,” एवढंच. काही विचारायचं आहे का म्हटलं, तर “नाही मॅडम.” ती गेल्यावर मी नोंदवहीत लिहिलं: ‘प्रेमप्रकरणाची शक्यता. जोखमीच्या वर्तनाबाबत समुपदेशन केले.’

ते वाक्य मी खोडलेलं नाही. अजून तसंच आहे.

पंधरा-सोळा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, ती एकटी आली. म्हणजे गाडीवर भाऊ सोडून गेला आणि बाहेर थांबला. तिने मोबाइल काढला, एक फोटो उघडला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. फोटो माझ्याच भिंतीवरच्या तक्त्याचा होता. मागच्या वेळी मी तिच्या आईला बोलवायला बाहेर गेले, तेव्हा तिने तो काढला होता. तक्त्यावर डाव्या बाजूला मान खाली घातलेली एक मुलगी, उजव्या बाजूला सिगारेट धरलेला मुलगा, आणि मध्ये प्रजनन मार्गाच्या संसर्गाची लक्षणं. पहिल्याच ओळीत: ‘अंगावरून पांढरे जाणे’. खाली, लैंगिक संबंधातून हे रोग पसरतात.

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

“मॅडम, मला हे आहे. पण मी तसं काहीच केलं नाही. कोणाचा हात पण लागला नाही मला. मग मला कसं झालं?”

एवढं बोलून ती रडली नाही. वाट बघत राहिली. उत्तर मिळेल याची तिला खात्री नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दोन महिने ही मुलगी न्हाणीघरात मोबाइल घेऊन याच प्रश्नाचं उत्तर शोधत होती. वर्गातल्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं की पांढरं जातं म्हणजे हाडं झिजून वाहतात. मोबाइलवर कोणीतरी ‘गुप्तरोगाची’ औषधं विकत होतं. म्हणून ती दिवसातून तीनदा धुवायची, साबणाने, आणि पाण्यात जखमेवर लावायचं जंतुनाशक टाकून. त्याने आग व्हायची, खाज सुटायची. तक्त्यावर दुसरी ओळ ‘खाज येणे’ होतीच. म्हणजे तिच्या हिशेबाने रोग पक्का झाला. आणि ज्या रोगाबद्दल तक्ता सांगतो की तो ‘तसल्या’ मुलींना होतो, तो आपल्याला झाला हे ती आईला कसं सांगणार होती? माझ्याकडे तिला आणलं, तर मी तिला तोच तक्ता वाचून दाखवला.

मी तिला सांगितलं ते इथेही सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी किती जणींना हे कोणी सांगितलंच नसेल. पाळी सुरू होण्याच्या काही महिने आधीपासून अंगावरून थोडं पांढरं जाऊ लागतं. ते शरीराचं स्वतःचं काम आहे. योनीमार्गात उपयोगी जिवाणू असतात, ते तिथली आम्लता टिकवतात आणि संसर्ग लांब ठेवतात. हा स्राव महिनाभर सारखा नसतो. दोन पाळ्यांच्या मधल्या काही दिवसांत तो जास्त, पातळ, पारदर्शक आणि बोटाला ताणला जाईल असा होतो. वास नाही, खाज नाही, दुखणं नाही, तर तो आजार नाही. हाडांशी त्याचा काही संबंध नाही. साबण आणि जंतुनाशकाने ते उपयोगी जिवाणू मरतात आणि मग खरोखर त्रास सुरू होतो. बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की पुरे, आत काहीही टाकायचं नाही. दाखवायला कधी जायचं? रंग पिवळा-हिरवा झाला, घाण वास आला, दह्यासारखं फुटलेलं जाऊन खाज सुटली, ओटीपोटात दुखलं, किंवा पाळी नसताना रक्त गेलं, तर. आणि तेव्हाही तो संसर्ग संबंधातूनच आला असं नसतं. दह्यासारखं जातं ती बहुतेकदा बुरशी असते, आणि ती संबंध न आलेल्या मुलींनाही होते.

आमच्या महिला डॉक्टरांनी तिला तपासलं. धुणं बंद करायला सांगितलं, दुसरं काही नको होतं. पण रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८ निघालं. थकवा, कापसात उभं न राहवणं, ते हाडांचं नव्हतं. रक्त कमी होतं.

तेव्हा मी विचारलं, शाळेत आठवड्याच्या लोहाच्या गोळ्या मिळायच्या ना? निळ्या?

“मिळायच्या. मी बांधावर फेकायचे.”

“काहून?”

“ती गोळी बाळ होण्यासाठी असते ना, मॅडम? बोर्डवर लिहिलं होतं, आजची किशोरी उद्याची माता. मला काय आत्ता बाळ व्हायचं आहे का?”

मला या वाक्यावर बराच वेळ काही बोलता आलं नाही. लोह तिला आज चालायला, वाचायला, कॉलेजच्या पायऱ्या चढायला हवं होतं. तिचं स्वतःचं रक्त, तिच्यासाठी. आपण मात्र तिला सांगितलं की हे सगळं पुढे कधीतरी होणाऱ्या लेकरासाठी आहे. तिने हिशेब बरोबर केला. लेकरू नको, तर गोळी नको.

इथून मी आमच्या धोरणांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. मी त्याच व्यवस्थेचा भाग आहे, म्हणून हे बोलणं माझं काम आहे असं मला वाटतं. १९९४ मध्ये कैरोच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेत भारतासह सगळ्यांनी मान्य केलं की किशोरवयीनांना प्रजनन आरोग्याची माहिती आणि सेवा मिळायला हवी. आपल्या २००० च्या लोकसंख्या धोरणात किशोरवयीन आले ते सेवा न पोचलेल्या गटांच्या यादीत. शाळांतून जीवनकौशल्यं आणि लैंगिकता शिकवायचा कार्यक्रम आला, तर २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो ‘संस्कृतीला धरून नाही’ म्हणत थांबवला. ७ जानेवारी २०१४ ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. १० ते १९ वयाची मुलं-मुली, सहा विषय: पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा आणि इजा, व्यसन, असंसर्गजन्य आजार. कागदावर तो कार्यक्रम चांगला आहे. मुलांचा सहभाग, गावातलेच दोन मुलगे आणि दोन मुली साथीदार म्हणून, हे त्यात आहे. ते मी मनापासून मानते.

पण कागदावरून भिंतीवर येईपर्यंत मुलांची दोनच चित्रं उरतात. एक, घसरणारं पोर, ज्याला धाक घालून थांबवायचं. दुसरं, बिचारं पोर, ज्याला कोणीतरी वाचवायचं. मुलगी असेल तर तिसरं, होणारी आई. ज्याला काही झालेलं नाही, ज्याने काही केलेलं नाही, ज्याला फक्त विचारायचं आहे, त्या पोराचं चित्र कुठेच नाही. म्हणून माझ्यासमोर ते पोर बसलं तेव्हा मला दिसलं नाही.

धोके खोटे आहेत असं मी म्हणत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभरातल्या जवळपास २२ जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. याच मुलीची सोयरीक बघा. ती सतरा वर्षांची, आणि घरात ‘धराची का सोडाची’ चालू. मला तिच्यात ‘प्रकरण’ दिसलं. मी ते आईला सांगितलं असतं, तर दोन महिन्यांत तिचं लग्न लागलं असतं. पोरींचं काही कळलं की त्यांना वाचवायचा आपल्याकडे एकच मार्ग सुचतो.

आईला मी पुढच्या आठवड्यात बोलावलं. मुलीला आधी विचारलं, काय सांगू आणि काय नको? ती म्हणाली, सगळं सांगा, फक्त गोळ्या फेकल्याचं नका सांगू. (नंतर तिने ते स्वतःच सांगितलं.) मी आईला पांढऱ्याबद्दल सांगू लागले, तर ती मध्येच थांबवून म्हणाली, “मले बी जाते, मॅडम. वीस वर्षं झाली. पिवळं. कंबर लय दुखते.”

“कोणाला सांगितलं नाही?”

“कोन विचारलं? दवाखान्यात आली का विचारते, लेकरं किती, ऑपरेशन झालं का. झालं म्हटलं का जा.”

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ मध्ये ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ज्या सरकारी यंत्रणेला त्यांच्या गर्भाशयाची एवढी काळजी होती, तिने त्या बाईला कधी विचारलं नव्हतं. पुढे याच गडचिरोलीत त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने ‘तारुण्यभान’ नावाची शिबिरं सुरू केली. तिथे मुलं-मुली एकत्र बसून शरीराबद्दल, आकर्षणाबद्दल, लग्नाबद्दल मोकळेपणी विचारतात. मुलांशी न घाबरता बोलता येतं, हे विदर्भाला बाहेरून शिकायची गरज नाही.

त्या आईवर उपचार झाले. तिला खरा संसर्ग होता. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही करून घेतली. उठताना ती म्हणाली, “पोट्टीमुळं माहं काम झालं.” सोयरिकीचं मी त्याच दिवशी बोलले: अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, गावात ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कोणीही फोन करू शकतं. ती ऐकत होती, पण त्यापेक्षा तिच्या उपयोगी पडली ती दुसरी गोष्ट, की पोरीचं काही ‘नव्हतं’. बारावी होऊ द्यायची ठरली.

आता तो दुसरा प्रश्न. सांगितल्याने पोरं बिघडतात का? युनेस्कोने जगभरातले अभ्यास एकत्र करून लैंगिकता शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, २००९ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये. त्यात स्पष्ट आहे: असं शिक्षण दिल्याने मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत, उलट अनेक ठिकाणी ती थांबतात, आणि वळलीच तर काळजी घेतात. माझा अनुभव याहून साधा आहे. पोरांकडे माहिती असतेच. आपण दिली नाही तर मोबाइल देतो, गुप्तरोगाची औषधं विकणारा देतो, वर्गातली तितकीच घाबरलेली मैत्रीण देते. सांगायचं की नाही हे आपल्या हातात राहिलेलंच नाही. कोणी सांगायचं, एवढंच आहे.

आई-बाबांनी काय करावं, असं मला बायका विचारतात. मोठं भाषण लागत नाही. मुलगी दहा-अकराची झाली की पाळीसोबत पांढऱ्याबद्दलही सांगा, दोन वाक्यांत. मुलाला झोपेत वीर्य जाणं हे वाढीचं लक्षण आहे, त्याने शक्ती जात नाही, हे बाबाने सांगितलं तर उत्तम, मामाने सांगितलं तरी चालेल. आणि पोराने काही विचारलं तर पहिलं वाक्य ‘तुला हे कशाला पाहिजे?’ नको. ते वाक्य एकदा ऐकलेलं पोर पुन्हा विचारत नाही.

ती मुलगी नंतरही येत राहिली, गोळ्या संपल्या की. एकदा गोळ्या घेतल्या आणि उठलीच नाही.

“मॅडम, एक मुलगा आवडतो. बोलले नाही अजून. हे पण चुकीचं आहे का?”

इथे मला थांबावं लागलं, कारण मी तिला आधी एक गोष्ट सांगायला हवी होती, आणि ती मी हल्ली प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगते. तू जे बोलशील ते माझ्याजवळ राहील, पण एका ठिकाणी माझे हात बांधलेले आहेत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आतल्या कोणाशीही शरीरसंबंध हा गुन्हा आहे, दोघांची मर्जी असली तरी. आणि असं कळलं तर ते कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. छळ झालेल्या लेकरांसाठी हा कायदा लागतोच, मी त्याच्या आधाराने मुलं वाचताना पाहिली आहेत. पण सतराच्या दोन पोरांना एकमेकांची ओढ वाटली तर त्यातला एक गुन्हेगार आणि दुसरी पीडित, अशीच दोन खोकी त्यात आहेत. मग अडचणीत असलेली मुलगी दवाखान्यात येतच नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. तालुक्यात हे फार जणांना माहीत नाही.

आवडणं चूक नाही, असं मी तिला म्हटलं. त्यात कायदा नाही, रोग नाही. मग आम्ही बोललो: बोलायचंच असेल तर काय बोलायचं, नाही म्हणाला तर काय, तो ‘फोटो पाठव’ म्हणाला तर काय, आणि ‘नाही’ म्हणायचं असेल तेव्हा घसा कोरडा का पडतो. पहिल्या भेटीत फ्लिपचार्टवर होते त्यातलेच बरेच विषय आले. या वेळी ते तिने काढले.

त्या तक्त्याखाली मी मार्करने लिहिलेला एक कागद चिकटवला आहे: ‘वास नाही, खाज नाही, दुखत नाही, तर पांढरं जाणं हा आजार नाही. शंका असेल तर आत येऊन विचारा.’ वरून आलेल्या तक्त्यावर काही चिकटवायचं नसतं, पण अजून कोणी काढलेला नाही.

गेल्या महिन्यात ती पेपर देऊन आली. भाऊ नेहमीसारखा गाडीला टेकून बाहेर. सोळाचा आहे, दहावी नापास, ट्रॅक्टरवर मजुरीला जातो. बहिणीला तो इतके महिने आणत होता, आणि मी त्याला एकदाही आत बोलावलं नव्हतं. लोहाच्या गोळ्यांचंच बघितलं तर शाळेतल्या मुला-मुलींना मिळतात, शाळा सोडलेल्या मुलींना अंगणवाडीतून मिळतात. शाळा सोडलेला मुलगा त्या योजनेत नाही. आमच्या पाटीवरही चित्र मुलीचंच आहे.

बहीण बाहेर गेली आणि तो दारात आला.

“मॅडम, हे फकस्त पोरीइचंच असते का इथं?”

“नाही. बस ना.”

तो बसला नाही. आधी मागे वळून बाहेर पाहिलं, मग हातानेच विचारलं, दार लावू का?